जुनीच दृश्यं, नवं नाव
आज 'बूगीमॅन २' (१९८३) हा भयपट बघितला आणि मनापासून वाईट वाटलं. १९८० चा पहिला भाग मला आवडतो. आरसा फुटतो, त्यात अडकलेलं भूत मोकळं होतं आणि काचेचा तुकडा जाईल तिथे माणसं मरतात. कमी पैशात काय कल्पना होती! दुसऱ्या भागात नायिका हॉलिवूडला जाते, घडलेलं सांगत बसते आणि आपल्याला पहिल्याच सिनेमातली दृश्यं पुन्हा दाखवतात, तीही मिनिटंच्या मिनिटं. नव्या खुनांत एक तर इलेक्ट्रिक टूथब्रशने! अंगावर काटा येतच नाही.
बजेट कमी म्हणून जुनी दृश्यं वापरली, हे कारण मला पटत नाही. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा भयपट 'हॅलोविन'ही (१९७८) तीनेक लाख डॉलरमध्येच झाला, खुन्यासाठी 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून. इथे प्रेक्षकाला सरळ गृहीत धरलंय, त्याचा राग येतो.