सीमोरचं लाइट हॉर्स पार्क: चालत जाऊ नका

मेलबर्नहून सीमोरला जाणाऱ्यांनो, लाइट हॉर्स म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या घोडेस्वार पथकांचं स्मारक असलेलं हे पार्क स्टेशनजवळ नाही. "उतरलात की चालत जा" असं मला ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं, ते स्वतः कधी चालत गेलेले नसणार. पार्क गावाबाहेर, ट्रॉवूलकडे जाणाऱ्या हायवेवर आहे. कडेला धड पायवाट नाही, सावली नाही, माशा तोंडावरून हटत नाहीत आणि ट्रक अंगाला वारा लावून जातात. पोचेपर्यंत डोकं भणभणत होतं. परतताना टॅक्सी केली, तर काही किलोमीटरसाठी मेलबर्नपासूनच्या रेल्वे तिकिटाहून जास्त पैसे गेले. ही लूट आहे. 2023 पासून रेल्वेचं भाडं इतकं उतरलंय की ते फारच खुपतं.

दुसरी फसगत माहितीची. जो तो 31 ऑक्टोबर 1917 ची बेअरशेबाची दौड सांगतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनमध्ये लाइट हॉर्सने तुर्कांवर घोडे घातले ती. 1910 मध्ये ब्रिटिश सेनानी किचनरने सीमोरच्या लष्करी छावणीची पाहणी केली, हेही सांगतो. पुढचं कोणी बोलत नाही. 1929 मध्ये सक्तीचं लष्करी शिक्षण थांबल्यावर ही पथकं हौशी अर्धवेळ शिपायांवर चालली. शेतकऱ्यांची पोरं स्वतःचा घोडा घेऊन शिबिराला यायची. मग जपान युद्धात उतरला आणि 1942 मध्ये व्हिक्टोरियाच्या 20व्या लाइट हॉर्सची 20वी मोटर रेजिमेंट झाली. घोडे गेले, ट्रक आले.

मला हा बदल दौडीपेक्षा मोलाचा वाटतो. लाइट हॉर्सवाले मुळात घोड्यावरून जाऊन पायी लढायचे. चौघांतला एक घोडे धरून मागे थांबायचा, म्हणजे पाव बंदुका लढाईबाहेर. ट्रकला लगाम धरायला कोणी लागत नाही. तरी ज्यानं स्वतः वाढवलेला घोडा सोडला, त्याला हा हिशेब पटला असेल का? पुढे 1944 मध्ये ही रेजिमेंट डच न्यू गिनीतल्या मेराउकेला गेली. तिथे दलदल आणि मलेरिया. अशा मुलखात ट्रक तरी किती कामाचे?

पार्कातले पुतळे सुंदर आहेत, नक्की बघा. गावही छान, निवांत आहे.

जायचं तर स्वतःची गाडी न्या, नाहीतर ट्रेनमधून सायकल. माणशी दोन लिटर पाणी ठेवा. गवतात शिरू नका, उन्हाळ्यात साप असतात. टॅक्सी करायचीच असेल, तर भाडं बसण्याआधी ठरवा आणि परतीचंही त्याच वेळी बोलून घ्या.