पिवळ्या गोबीचं जेवण आणि ४० लिटरचा समुद्र

ठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये ४० लिटरचा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे. त्यात थोडे कोरल, म्हणजे प्रवाळ, आणि मासा एकच, पिवळा क्लाउन गोबी. शास्त्रीय नाव गोबिओडॉन ओकिनावी, आणि पुरता वाढला तरी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. दुकानात विचारलं की सांगतात, 'ताई, एकदम हार्डी मासा आहे, काही बघावं लागत नाही.' काटक आहे हे खरं. पण हा मासा अन्नाच्या मागे पळत नाही. पोटाखालचे दोन पर जोडून त्याची एक वाटी झालेली असते, तिने तो दगडाला किंवा काचेला चिकटून बसतो आणि समोरून काय वाहत येतंय ते बघत राहतो. डोळे तेवढे फिरतात, अंग हलत नाही. हवं ते दिसलं की इंचभर झेप आणि पुन्हा त्याच जागी. जे त्याच्यासमोरून गेलं नाही, ते त्याच्या लेखी नाहीच.

म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून घेताना मी दुकानदाराला आधी त्याला खायला घालून दाखवायला लावलं. तो कुरकुरला, पण त्याने घातलं. गोबीचं पोट बाजूने बघायचं. आत ओढलेलं, खपाटीला गेलेलं असेल तर कितीही गोड दिसला तरी सोडून द्यायचा. हे मासे बहुतेक समुद्रातून पकडूनच आणलेले असतात आणि प्रवासात उपाशी असतात.

घरी आल्यावर पेलेट्स त्याने तोंडात घेऊन थुंकले. फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेले छोटे झिंग्यासारखे जीव, त्याच्या तोंडात मावतच नाही. मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाची पिल्लं अंड्यांतून काढायला घेतली. बिसलेरीच्या बाटलीचं बूड कापायचं, ती उलटी टांगायची, लिटरला साधारण २५ ग्रॅम मीठ, एअर पंपाची नळी तळापर्यंत, वर दिवा आणि अर्धा चमचा अंडी. पाणी २६ ते २८ अंश असलं की चोवीस तासांत पिल्लं बाहेर. थंडीत वेळ जास्त लागतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि मधे नारिंगी धुकं राहतं. एका बाजूला टॉर्च धरला की ते धुकं प्रकाशाकडे गोळा होतं. तेवढंच नळीने ओढून मलमलीच्या कपड्यात गाळायचं आणि धुऊन घ्यायचं. टरफलं टँकमध्ये जाऊ द्यायची नाहीत. आणि पिल्लं ताजी असतानाच घालायची, कारण अंगातला पिवळा बलक हीच त्यांची शिदोरी असते आणि ती ते तासातासाने संपवत असतात.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, माशाला खायला घालायला आधी त्याचं खाणं जन्माला घालतेस होय?"

खरी अडचण मात्र वेगळीच होती. गोबीला थोडं थोडं, पण दिवसातून दोन-तीनदा लागतं. आणि ४० लिटर पाण्यात जे खाल्लं जात नाही ते कुजतं, त्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट होतं, त्यावर शेवाळ येतं आणि ते कोरलवर चढतं. म्हणजे माशाला पोटभर आणि पाण्याला उपाशी ठेवायचं. यावर मला जमलेला उपाय म्हणजे लांब ड्रॉपर. फ्रोझन सायक्लॉप्सचा (पाण्यातले अगदी बारीक जीव) क्यूब बारीक जाळीत धुऊन त्याचं पाणी फेकून द्यायचं. पंप बंद. गोबी बसलाय तिथून दोन बोटं अंतरावर ड्रॉपरचं टोक धरून एकेक थेंब सोडायचा. सुरुवातीला त्यात जिवंत पिल्लं मिसळत होते. हलणाऱ्याबरोबर न हलणारंही तोंडात जायला लागल्यावर पिल्लं कमी करत नेली. आता फक्त रविवारी काढते.

मधे एक चोर आहे, क्लीनर झिंगा. ड्रॉपर पाण्यात शिरला की तो लांबलांब मिशा नाचवत थेट टोकावर येऊन बसतो. त्याला आधी दुसऱ्या कोपऱ्यात एक पेलेट द्यायचा. ते दोन्ही हातांत धरून कुरतडत बसला की गोबीचं जेवण निवांत होतं.

कोरल कोणते, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. दगडी कोरल, म्हणजे सगळे स्क्लेरॅक्टिनियन, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. पंख्यासारखे पसरणारे समुद्रपंखेही त्यातच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना दिसतात ते तिथेच राहू द्यायचे. त्यामुळे माझ्याकडे सगळे मऊ जातीचे आहेत. झोअँथिड, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक टोडस्टूल लेदर. स्टार पॉलिप सुटा दगड ठेवून त्यावरच वाढवायचा, नाहीतर तो शेजाऱ्यांच्या अंगावरून पसरत जातो. आणि झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. असा दगड उकळत्या पाण्याने साफ करायला गेलेल्या कुटुंबांवर वाफेमुळे इस्पितळात जायची वेळ आल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

लेदर कोरल मधूनच मिटतो, वर मेणचट चमक येते, पॉलिप, म्हणजे त्याची फुलासारखी छोटी तोंडं, दिसेनाशी होतात. पहिल्या वेळी मी धास्तावले होते. पण तो कात टाकत असतो. अंगावरचा पातळ पापुद्रा सुटला की पुन्हा फुलतो. तेव्हा त्याच्याकडे थोडा जास्त प्रवाह वळवायचा, बाकी काही करायचं नाही. गोबीला मात्र बसायला हाच कोरल आवडतो. नैसर्गिक अधिवासात ही जात दगडी कोरलपैकी अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांत राहते, इथे ती सोय नाही. तो बसतो तिथले पॉलिप मिटलेले राहतात. ड्रॉपरने खायला देण्यासाठी मी कोरड्या दगडाची एक फांदी उभी केली आहे. जेवायला तिथे येतो, झोपायला पुन्हा लेदरवर. चालू द्या.

पाण्याचं बाकी गणित फार नाही. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की मऊ कोरलना कॅल्शियम वगैरे वेगळं घालावं लागत नाही. नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास ठेवते. शून्यावर आणायच्या मागे लागू नये, कोरलना थोडं लागतंच. क्षारता, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या आरओडीआय, म्हणजे फिल्टरने क्षार काढलेल्या, पाण्याची. रत्नागिरीची आत्या दर वेळी म्हणते, "समुद्र दाराशी असताना मीठ विकत कसलं घेतेस?" किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो.

उन्हाळ्यात चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, न घेता पाण्यावर छोटा पंखा सोडते, दोन-तीन अंश उतरतात. पण पंखा बाष्पीभवनावर चालतो, आणि जुलैमध्ये ठाण्याची हवा इतकी दमट की तो नुसताच फिरतो. तेव्हा खोलीचा एसी लावायचा आणि बिल भरायचं.

गणपतीला गावी जाताना ऑटो फीडर उपयोगाचा नाही, हा कोरडं खात नाही. शेजारच्या मुलाला ड्रॉपर धरायला शिकवलंय. कपाटाच्या दारावर चिकटवलंय: पंप बंद, आधी झिंगा, मग गोबी, पंप चालू. क्यूबचे तुकडे करून वाराप्रमाणे डब्यांत भरून फ्रीजरमध्ये मटारांच्या वर ठेवते, म्हणजे तो जास्त घालणार नाही. शेवटची ओळ तो वाचतो की नाही याची खात्री नसते, म्हणून रोज जेवणवेळेला फोन करून विचारते, "अरे, पंप लावलास ना?"