नव्या पत्त्यावरून महापालिकेचं मत: अर्ज ८ ते चौथं बटण

मतदार कार्ड खिशात आहे ना, मग झालं, असं सांगणाऱ्यावर महापालिकेच्या निवडणुकीत अजिबात विसंबू नका. प्रभागाच्या यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवूनही परत फिरावं लागतं. खाली दिलेला रस्ता १५ जानेवारी २०२६ च्या पुणे महापालिकेच्या मतदानाचा आहे, आणि तो गावाकडे आधीच नाव असून आता पुण्यात राहणाऱ्यांसाठी आहे. आधारला मोबाईल जोडलेला आहे आणि कागद स्कॅन करता येतो, एवढं गृहीत धरलंय.

मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा ऑनलाइन अर्ज सोपा आहे. पण इथेच बहुतेकांना चुकीच्या वाटेला लावलं जातं: पत्ता बदलला की अर्ज ६ भरा म्हणतात. अर्ज ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. मतदारसंघ बदलला तरी स्थलांतराला अर्ज ८ च. पुन्हा ६ भरला की गावचं नाव तसंच राहतं आणि इथे दुसरं चढतं. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लावा. वीजबिल लावायचं तर त्या पत्त्यावर ते किमान वर्षभराचं हवं. अर्ज फुकट, नवं कार्डही फुकट. ‘लवकर करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या दुकानदाराच्या हातात लवकर करण्यासारखं काहीच नसतं, कारण पडताळणी बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राचा सरकारी अधिकारी करतो. त्याचा फोन उचला. दार बंद आणि फोन बंद म्हणजे अर्ज अडकला. संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि ‘स्वीकृत’ दिसेपर्यंत बघत राहा.

आता घाट. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतःची मतदार यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला उचलतो आणि प्रभागांत फोडतो. या खेपेला ती तारीख १ जुलै २०२५ होती. म्हणजे जानेवारीच्या मतदानासाठी ऑक्टोबरमध्ये धावपळ करून नाव चढवलेला माणूस विधानसभेला चालेल, महापालिकेला नाही! निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदणीला निघणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं.

यादी फोडताना गोंधळ होतो तो प्रभागाच्या सीमेवर. रस्त्याच्या अलीकडची सोसायटी पलीकडच्या प्रभागात जाते, कधी एकाच घरातली नावं दोन प्रभागांत. हे दुरुस्त होतं, पण फक्त प्रारूप यादीवरच्या हरकतींच्या मुदतीत. पुण्यात यादी २० नोव्हेंबरला लागली आणि वाढवून मिळालेली मुदत ३ डिसेंबरला संपली. तेवढ्यात यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि पत्त्याचा पुरावा जोडून लेखी हरकत द्यायची, पोच घ्यायची. तोंडी सांगून काही होत नाही. चुकीचा प्रभाग, किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागात गळलेलं नाव, एवढंच इथे सुधारतं. नवं नाव चढवून मिळत नाही, कितीही वाद घाला.

नावापुढे दोन तारे (**) दिसले तर तुम्ही संभाव्य दुबार मतदार. वर सांगितलेल्या अर्ज ६ चं हे फळ असू शकतं. कुठल्या एका केंद्रावर मत देणार ते आधीच लिहून द्या, नाहीतर ऐनवेळी केंद्रावर हमीपत्र भरत बसावं लागतं.

मतदानाच्या दिवशीचं फार काही सांगण्यासारखं नाही. केंद्र मात्र आदल्या दिवशी तपासा, विधानसभेचीच शाळा असेल असं नाही. वेळही वेगळी होती: सकाळी ७.३० ते संध्याकाळी ५.३०. साडेपाचला रांगेत असलेल्यांना मत देता येतं. ओळखीला आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना चालतो. घरी आलेली मतदार चिठ्ठी एकटी चालत नाही.

यंत्रासमोर घाई नको. पुण्यात ४१ पैकी ४० प्रभाग चार सदस्यांचे, एक पाचचा. अ, ब, क, ड प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं. एखाद्या जागेचा कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचा ‘नोटा’. एकच बटण दाबून निघालात तर मतदान पूर्ण होत नाही, शेवटचा लांब आवाज येईपर्यंत थांबा. मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र इथे नसतं, चिठ्ठी शोधू नका. मुंबईत प्रभागाला एकच सदस्य, त्यामुळे तिथे एका बटणात काम होतं.