चालत होतं, तरी हात लावला

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय: घरातल्या गाणी वाजवणाऱ्या डब्याची चालू प्रणाली मी का बदलली. चतुर्थीला आलेले चाकरमानी विचारतात, भजनी मंडळातले विचारतात, ज्यांच्या घरी मीच असा डबा जोडून दिला तेही विचारतात: “बरां चलता हुतां, मगे हात कित्याक लावलंस?”

डबा म्हणजे आमच्या मालवणच्या घरातला रास्पबेरी पाय 3 हा तळहाताएवढा संगणक, त्यावर बसवलेलं डॅकचं (डिजिटल गाण्याचा आवाज करणारं) छोटं बोर्ड, आणि हार्ड डिस्कवर बाबांच्या 41 कॅसेटी. डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीच्या), एकादशीच्या, घरातल्या आरत्यांच्या. बाबा 2022 मध्ये गेले. तेव्हापासून चतुर्थीच्या पहाटे, मूर्ती माटवीखाली (फळापानांनी सजवलेल्या टांगत्या चौकटीखाली) बसायच्या आधी, त्यांचा गजर पडवीत लागतो.

‘चालतंय त्याला हात लावू नये’ हे 2019 मध्ये मीच सगळ्यांना सांगत होतो. मग मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. वीज गेली, आली, परत गेली, आणि त्यात मेमरी कार्ड मेलं. तेव्हा डब्याच्या प्रणालीची, म्हणजे डेबियन लिनक्सवर बेतलेल्या पायच्या प्रणालीची, बस्टर हीच चालू आवृत्ती होती, म्हणून अर्ध्या दिवसात सगळं पुन्हा उभं राहिलं. पण जून 2024 मध्ये बस्टरचा उरलासुरला आधारही संपला. सुरक्षेची दुरुस्ती बंद, आणि डबा मात्र घरच्या वायफायवर चोवीस तास चालू. पुढचं कार्ड मेलं तर मी काय उभं करणार होतो? चालतंय म्हणजे टिकेल, असं या किनाऱ्यावर कोणी म्हणू नये. इथे खिडकीचे गज खारं वारं खातं.

तेव्हा हात लावला याबद्दल मी माफी मागणार नाही. कधी लावला, त्याबद्दल मागतो.

हरतालिकेची रात्र, 6 सप्टेंबर 2024. घरात पंधरा माणसं, मागल्या दारी करंज्या चालल्या होत्या. मी नव्या कार्डावर बुकवर्म ही नवी आवृत्ती टाकली. जुन्यावरून थेट उडी मारण्यापेक्षा कोरी प्रणाली बरी, हे मला माहीत होतं, तेवढं मी नीट केलं. मग माझी जुनी स्क्रिप्ट चालवली. सेटिंगच्या सगळ्या फाइली ती जागच्या जागी टाकते. डबा बंद करून पुन्हा सुरू केला. गाण्यांची यादी दिसली, बाबांचं नाव दिसलं, मी बटण दाबलं. आवाज नाही. गाणी वाजवणारा प्रोग्राम, एमपीडी, म्हणत होता, ध्वनीचं उपकरण उघडता येत नाही.

मला वाटलं, बोर्ड गेलं. काढून बघतो तर पिनांच्या मुळाशी हिरवा गंज. झालं, मनाने घेतलं की खाऱ्या हवेनेच घात केला. खोडरबराने पिना घासल्या, स्पिरिटने पुसल्या, परत बसवलं. नाही. अडीच वाजता पुन्हा काढलं, कंदिलाच्या उजेडात (वीज गेली होती, डबा इन्व्हर्टरवर होता). साडेचारला आई उठली. तिने पडवीतल्या स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता दुर्वा निवडायला बसली. मूर्ती बसली तेव्हा काकांनी गजर धरला. चांगला धरला. पण बाबांचा तो नव्हता.

मग दोन दिवस मी त्या डब्याकडे फिरकलोच नाही.

गौरी येण्याच्या आदल्या रात्री कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. तिथे उघडलेल्या भागात कॉन्फिग फाइल (सुरू होताना पाय वाचतो ती सेटिंगची फाइल) होती, आणि तिच्यात डॅक चालू करणारी ओळच नव्हती. मी तर टाकली होती! बुकवर्ममध्ये ती फाइल बूट फोल्डरमधून आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी एक चिठ्ठीवजा फाइल ठेवतात: ही बदलू नका, फाइल तिकडे हलवली आहे. माझ्या स्क्रिप्टने नेमकी तीच चिठ्ठी पुसून तिच्यावर माझी जुनी फाइल टाकली होती. बोर्डाला काहीच झालं नव्हतं. गंज होता, पण पाच वर्षं तसाच होता आणि बोर्ड वाजत होतं.

ओळ योग्य जागी टाकली, तरी पहिल्यांदा वाजलं नाही. एमपीडीला मी ‘शून्य क्रमांकाचं ध्वनीकार्ड’ असं सांगून ठेवलं होतं, आणि आता शून्यावर टीव्ही जोडायचं एचडीएमआय येऊन बसलं होतं. क्रमांकाऐवजी डॅकचं नाव लिहिलं. रात्री पावणेबाराला पेटीचा सूर आला, मग बाबांचं खाकरणं. आई आतून बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

तुमच्यापैकी एकजण म्हणाला, जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल काढून ठेवली असतीस, डबा वायफायवरून काढला असतास, तर दहा वर्षं काही करावं लागलं नसतं. खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. कॅसेटी वाजवायला इंटरनेट लागत नाही. पण मग आईच्या फोनवरून गाणं लावता आलं नसतं, आणि ती रोज दुपारी लावते. हेही खरं आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये पायसाठी ट्रिक्सी ही पुढची आवृत्ती आली. बुकवर्मला डेबियनचा आधार जून 2028 पर्यंत आहे, म्हणजे घाई नाही. तरी मी ट्रिक्सीचं कार्ड तयार केलंय, या वेळी मे महिन्यात, हाताने एकेक फाइल बघून. ते देवघराच्या फळीवर डबीत आहे, बस्टरच्या जुन्या कार्डाशेजारी. दोन्हींवर तारीख लिहिली आहे. अजून घातलेलं नाही.