भरीत आणि तर्क
आज एलसॅटच्या (कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या) सरावात समांतर तर्काचे, म्हणजे उताऱ्यासारखाच तर्क असलेला पर्याय शोधायचे, सातपैकी चार प्रश्न चुकले. एका प्रश्नात मूळ उतारा पावसाचा, म्हणून मी पावसाचाच पर्याय टिक केला! जुळवायचा असतो तो तर्काचा सांगाडा, विषय नाही. मूळ तर्कच फसवा असेल तर उत्तरातही नेमकी तीच चूक हवी.

रात्री जेवताना आई म्हणाली, "भरीत जमलं की तुझे बाबा एक भाकरी जास्त खातात. आज खाल्ली, म्हणजे जमलं."

मी उडालोच. अ असेल तर ब. ब आहे, म्हणून अ! दुपारी चुकलेला प्रश्न हाच. बाबा तर दिवसभर केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या दुरुस्त करून भुकेले आले होते. (भरीत झकास होतं, ते वेगळं.)

आईला काही बोललो नाही. जळगावात राहून भरितावर शंका कोण घेईल?