आज वार आहे

परवा भाची राहायला आली, सातवीत आहे, इंग्लिश मीडियम, आणि बॅग ठेवायच्या आधी फर्माईश, मावशी बोंबील तळ ना. म्हटलं आज नाही गं, आज वार आहे. तर म्हणते, वॉर? कोणाशी?

आता हिला काय सांगू! आमच्या लालबागच्या घरात वार म्हणजे मासे-मटण बंद. सोमवार शंकराचा, मंगळवार बाप्पाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, उरले बुध, शुक्र, रवि, त्यात आम्ही सगळा बॅकलॉग भरून काढतो. खरं तर सातही वारच, पण बुधवारी "आज वार आहे" असं म्हणताना मी तरी कोणाला ऐकलं नाही.

मग समजावायला बसले आणि माझीच गाडी भरकटली. संस्कृतात वार म्हणजे पाळी, खेप, म्हणून तर वारंवार. ज्या दिवशी ज्या ग्रहाची पाळी, तो त्याचा वार. तारखेसोबत वार कोरलेला आपल्याकडचा सगळ्यात जुना लेख म्हणून मध्य प्रदेशातल्या एरणच्या खांबाचं नाव घेतात, इ.स. 484, बुधगुप्त राजाच्या काळातला, आणि दिवस कुठला तर गुरुवार! फक्त तिथे वार म्हटलेलं नाही, सुरगुरूचा दिवस म्हटलंय. तेव्हा बोंबलांचं काय करायचे देव जाणे. आणि पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची ना, सोमवारी ह्यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे, म्हणजे त्यांना वारामुळे जेवण मिळायचं आणि आमचं वारामुळे जातं.

मग पणजीची नऊवारी काय नऊ दिवस नेसायची? अगं तो वार वेगळा, 36 इंचांचा, नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. मीटर येऊन साठ वर्षं उलटली तरी दादरच्या दुकानात ब्लाउजपीस मीटरवर आणि साडी अजून वारातच. तलवारीचा वार तिला माहीत होता, गेममुळे. गाय व्यायल्यावर पडते तीही वार, पण जेवायच्या टायमाला ते नको म्हणून मी गाळलं.

तेवढ्यात खिडकीतून समोरचा बॅनर वाचून विचारते, उमेदवार कधी असतो? म्हटलं पाच वर्षांतून एकदा. (तो वार फारसीतून आलाय, उमेद असलेला तो उमेदवार, तपशीलवारमधला पण तिकडचाच. पण मला माझा जोक जास्त आवडला.)

एवढं सगळं ऐकून बाईसाहेबांचा प्रश्न, रात्री बारानंतर शुक्रवार लागतो ना, मग तेव्हा तळ. म्हटलं पंचांगात वार सूर्य उगवल्यावर बदलतो.

सकाळी साडेसातला मी बोंबील रव्यात घोळवत होते, आणि ही डब्याचं झाकण उघडून बाजूला उभी.