टी मधली रेघ

मी नक्की काय काम करतो हे आईला अजून नीट कळलेलं नाही. पहिल्यांदा फोनवर सांगितलं की दिवसभर स्लॅबमधली नाणी तपासतो, तर म्हणाली, अगंबाई, कोणी स्लॅब टाकताना पुरली होती का रे? आमच्या धंद्यात स्लॅब म्हणजे नाणं कायमचं सीलबंद केलेली कडक प्लॅस्टिकची चपटी डबी, वर लेबल, लेबलवर ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिलेले गुण. न्यू जर्सीत एका नाण्यांच्या दुकानात आहे मी, आयटीतली नोकरी गेली तेव्हा छंद होता तोच पोटापाण्याचा झाला.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता, बाहेर बर्फ, दुकानात चिटपाखरू नाही. अकराच्या सुमारास एक म्हातारी बाई आली, ऐंशीच्या आसपास असेल, हातात बुटांचा खोका. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि खोक्यात त्याचे मॉर्गन डॉलर, म्हणजे ते जुने चांदीचे मोठे डॉलर. सोबत एक वही, कुठलं नाणं कधी घेतलं, केवढ्याला घेतलं, सगळं बारीक अक्षरात. असा माणूस दिसला की मला उगाच माझे आजोबा आठवतात, त्यांची किराणा हिशोबाची वही अशीच असायची.

खोका उघडला आणि आमचे मालक, वय 74, खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. एरवी उठत नाहीत. म्हणाले, हे तर माझं तरुणपण आहे रे. कारण आत निम्मं सामान बंद पडलेल्या नाहीतर रूप पालटलेल्या ग्रेडिंगवाल्यांचं होतं. सगळ्यात जास्त एएनएसीएसची (ANACS) फोटो सर्टिफिकेटं. ही सेवा अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या संग्राहकांच्या संस्थेने 1972 मध्ये काढली, तेव्हा फक्त खरं की खोटं एवढंच सांगायचे, ग्रेड द्यायला लागले 1979 पासून. 1990 मध्ये संस्थेने ती विकून टाकली, नाव आजही चालतं पण मालक वेगळे. जुनी पद्धत अशी की तुम्ही नाणं पाठवायचं, ते छापा आणि काटा दोन्हीकडचे मोठे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून कागदावर लावणार, नंबर टाकणार, दोन बाजूंची वेगवेगळी ग्रेड लिहिणार आणि नाणं व कागद दोन्ही परत. नाणं सुटंच! इथेच सगळी गोम आहे, पुढे येतोच.

बाईंना मालकांनी आधी वाईट बातमी दिली. 1881 चे सॅन फ्रान्सिस्कोचे सहा डॉलर होते, कागदावर एमएस-65 (एमएस म्हणजे न वापरलेलं, 60 ते 70 मधली ग्रेड), आजच्या हिशोबाने त्यातले चार 63. कोणी फसवलं असं नाही हो, नाणं तेच, कागद तोच, मोजमाप बदललं. ऐंशीच्या दशकात बाजाराने ग्रेड कडक केली आणि 1986 मध्ये संस्थेलाही ते मान्य करावं लागलं. म्हणजे तुम्ही 1981 मध्ये डिस्टिंक्शनमध्ये पास झालात आणि आज कोणी तीच उत्तरपत्रिका पुन्हा तपासून फर्स्ट क्लास दिला तर कसं वाटेल, तसं. बाई काही बोलल्या नाहीत, वहीत पेन्सिलने 63 लिहिलं फक्त.

मग निघाला कॉम्प्युग्रेडचा स्लॅब. हे प्रकरण मी तोपर्यंत फक्त ऐकून होतो. 1991 च्या सुमारास या कंपनीने कॉम्प्युटरने ग्रेड द्यायला सुरुवात केली आणि तीही दशांशात, 64 नाही तर 64.3 वगैरे. पण बाजार 1989 नंतर कोसळलेला, वॉल स्ट्रीटचा पैसा जसा आला तसा गेलेला, त्यात या पठ्ठ्यांचा टिकाव लागला नाही. मी सवयीने पक्कड घेतली, डबी फोडून नाणं नीट बघू म्हटलं, तर मालकांनी अक्षरशः माझा हात धरला. आतला डॉलर साधा, ढिगाने मिळणारा, पण ती डबी गोळा करणारे लोक आहेत! बाईंना त्या दिवशी नाण्यापेक्षा प्लॅस्टिकचे जास्त पैसे मिळाले. आईला हे तर मी सांगितलेलंच नाही.

शेवटी बाईंनी पर्समधून वेगळं पाकीट काढलं. 1893-एस, एस ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. मॉर्गन डॉलरमध्ये याच्यासारखं दुसरं नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत त्या वर्षी फक्त 1,00,000 पाडले. एएनएसीएसचा 1981 चा कागद, व्हीएफ-30, म्हणजे बऱ्यापैकी वापरलेलं, तरी काही हजार डॉलर कुठे गेले नाहीत. वजन केलं, 26.5 ग्रॅम, झिजलेल्याला बरोबर. बोटावर तोलून वाजवलं, आवाज खणखणीत. मी मनातल्या मनात खूश.

पण या नाण्याची एक खूण आहे. 93-एस छापायला छाप्याच्या बाजूचा एकच साचा वापरला गेला, आणि त्या साच्यात लिबर्टी शब्दातल्या टी च्या वरच्या भागात एक तिरकी बारीक रेघ होती, म्हणून ती प्रत्येक खऱ्या नाण्यावर येते. भिंगातून बघितलं. टी स्वच्छ. नाणं फिरवलं, दिवा फिरवला, चष्मा पुसला. रेघ नाहीच. मग कागदावरच्या फोटोवर भिंग धरलं तर तिथे रेघ आहे, पुसट पण आहे, आणि फोटोतल्या नाण्यावरच्या लिबर्टीदेवीच्या गालावर एक ठळक खोच आहे जी माझ्या हातातल्या नाण्यावर नाही.

नाणं मालकांकडे सरकवलं. त्यांनी थेट काट्याची बाजू मायक्रोस्कोपखाली घेतली, तिथे पुष्पचक्राच्या खाली बारीक एस असतो. एसच्या बुडाशी केसाएवढी फट. म्हणजे हा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा साधा 1893 चा डॉलर, त्यावर एस असं अक्षरच नसतं, कोणीतरी तो दुसऱ्या नाण्याचा काढून इथे चिकटवला होता. वजन, आवाज सगळं बरोबर येणारच की, डॉलर खराच होता, खोटा होता तो एवढासा एस. आणि कागदही शंभर टक्के खरा, फक्त दुसऱ्या नाण्याचा. मालक म्हणाले त्या काळात असे प्रकार व्हायचे, म्हणून तर पुढे अ‍ॅक्युग्रेडसारख्या ग्रेडिंग कंपन्यांनी नाणं आणि फोटो एकाच डबीत बंद केले, आणि 1986 मध्ये पीसीजीएस, 1987 मध्ये एनजीसी या स्लॅबवाल्या कंपन्या आल्यावर सुट्या नाण्यासोबत कागद देण्याचे दिवसच संपले.

बाईंना कसं सांगायचं कळेना. वहीत बघितलं, 1984, एका प्रदर्शनात घेतलेलं, विकणाऱ्याचं नाव नाही. मी म्हटलं, मॅम, तुमच्या मिस्टरांनी कागद बरोबर घेतला होता. त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या, मग विचारलं, मग हे फोटोतलं कुठे आहे?

कुठे असणार. कुठल्या तरी नव्या स्लॅबमध्ये, नव्या नंबरने. बाकीचं सगळं विकलं त्यांनी, हे पाकीट मात्र परत पर्समध्ये ठेवलं, नाणं आणि कागद एकत्रच. जायच्या आधी मी विचारून त्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली.

ती माझ्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये आहे. 93-एस आलं की आधी टी बघतो, मग झेरॉक्स काढून गाल बघतो. आतापर्यंत तीन आली.